ढेप, कोंडा आणि माशाचे आतडे: पर्यायी खाद्यघटक पचतात की नाही, हे शेतावर कसे तपासावे

मासळीची कुटी, म्हणजे सुक्या माशांची पूड, महागली की मत्स्यशेतकरी साहजिकच पेंडीकडे वळतो. विदर्भात तर सरकीची ढेप, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), भाताचा कोंडा आणि जवसाची पेंड हे सगळे दाराशीच मिळते. त्यामुळे शेततळे असो वा मामा (माजी मालगुजारी) तलाव, घरी कालवलेले खाद्य टाकणारे पुष्कळ आहेत. या खाद्याचा हिशोब बहुधा पोत्यावर छापलेल्या प्रथिनांच्या टक्केवारीवर होतो आणि चूक तिथूनच सुरू होते. ती टक्केवारी म्हणजे प्रयोगशाळेने नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणलेला आकडा असतो. तो नायट्रोजन सालपटात अडकला आहे की किड्याच्या कवचात, की कुणी भेसळीला घातलेल्या युरियात, हे त्या आकड्याला कळत नाही. माशाच्या आतड्याला मात्र ते कळते. म्हणून खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच प्रश्नावर आहे: आपण विकत घेतलेल्या प्रथिनांपैकी माशाच्या अंगी किती लागले आणि विष्ठेबरोबर तळाला किती गेले?

आधी मासा ओळखावा

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) या कार्प कुळातील माशांना जठर नसते. अन्ननलिकेतून घास थेट आतड्यात उतरतो. जठर नाही म्हणजे आम्ल नाही आणि पेप्सिनही नाही. प्रथिने फोडण्याचा सारा भार ट्रिप्सिन आणि तत्सम पाचकरसांवर पडतो. त्यांच्या जबड्यातही दात नसतात. घशात मात्र दात असतात आणि घास तिथे थोडाबहुत रगडला जातो. रोहूचे आतडे शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब असते, कारण वनस्पतिजन्य आणि कुजका आहार सावकाश पचवण्यासाठीच ते घडलेले आहे.

चिलापीचे (तिलापियाचे) तसे नाही. तिला जठर असते आणि त्यातील आम्ल इतके तीव्र असते की सामू 2 च्याही खाली जातो. शेवाळाच्या पेशींच्या भिंती फोडण्यासाठी तिला ते लागते. पंगसलाही जठर आहे. त्यामुळे चिलापीला मानवलेले मिश्रण रोहूलाही मानवेल असे धरून चालता येत नाही. ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य खाद्यात राहिले, तर जठर नसलेल्या माशाकडे प्रथिने फोडायला दुसरी सोय उरत नाही.

मासा कुठे वाढतो यावरही बरेच अवलंबून असते. खत घातलेल्या तळ्यात प्लवंग, अळ्या आणि किडे हे नैसर्गिक अन्न जीवनसत्त्वांची आणि अमिनो आम्लांची उणीव काही अंशी भरून काढते. धरणातल्या पिंजऱ्यात ही मदत जवळजवळ नसते. तळ्यात वर्षभर खपून गेलेले खाद्य पिंजऱ्यात दोन महिन्यांत उघडे पडते, त्याचे कारण हेच.

घटकांची पारख

सोयाबीनवर थोडे अधिक थांबावे लागेल, कारण सर्वाधिक वापर त्याचाच होतो आणि नुकसानही बहुतेक त्याच्यातूनच होते. तेल काढलेल्या सोयापेंडीत 44 ते 48 टक्के प्रथिने असतात आणि पेंड नीट भाजली गेली असेल तर कार्प ती चांगली पचवतात. कच्च्या सोयाबीनमध्ये मात्र ट्रिप्सिनरोधक द्रव्य असते. ते ट्रिप्सिनला चिकटून त्याला निकामी करते, स्वादुपिंड आणखी रस सोडत राहते आणि मासा खातो तरी वाढत नाही. हे द्रव्य ओल्या उष्णतेने नष्ट होते. उलट पेंड फार करपवली तर लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी जखडले जाते आणि माशाला मिळेनासे होते. म्हणजे कच्चेपणाही वाईट आणि करपलेपणाही वाईट.

कच्चेपणा तपासण्याची घरगुती रीत सोपी आहे. दोन चमचे पेंड बारीक करून झाकणाच्या बाटलीत घालावी, त्यात अर्धा चमचा युरिया आणि थोडे कोमट पाणी टाकून झाकण लावावे. वीस-पंचवीस मिनिटांनी झाकण उघडल्यावर अमोनियाचा झणका आला किंवा आत टांगलेला ओला लाल लिटमस कागद निळा झाला, तर पेंड कच्ची आहे असे समजावे, कारण युरिया फोडणारे युरियेज हे विकर आणि ट्रिप्सिनरोधक द्रव्य साधारण सारख्याच उष्णतेला नष्ट होतात. या चाचणीने करपलेपणा मात्र कळत नाही. त्यासाठी रंग पाहावा (तपकिरी आणि जळका वास असलेली पेंड घेऊ नये) किंवा प्रयोगशाळेतून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिनांची विद्राव्यता काढून घ्यावी; ती साधारण 75 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर पेंड योग्य भाजलेली आहे. एका हंगामात घरचे सोयाबीन नुसते भरडून घालण्याची चूक मीही केली आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, अधाशासारखी खात होती आणि दोन महिन्यांनी तराजूवर मात्र फरक जवळजवळ नव्हता.

सोयाबीनचा आणखी एक दोष उष्णतेने जात नाही, तो म्हणजे सॅपोनिन हे फेसाळणारे कडवट द्रव्य. नॉर्वेतील सामन मत्स्यपालनात सोयापेंडीचे प्रमाण वाढले तेव्हा माशांच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते असे आढळले आणि पुढे त्यात सॅपोनिनचा मोठा हात असल्याचे दिसले. सामन हा मांसाहारी मासा असल्यामुळे त्याला हा त्रास फार होतो. सायप्रिनसमध्ये अशीच सूज सुरुवातीला येते, पण काही आठवड्यांत ओसरू लागते. म्हणून आपल्या माशांना सोयापेंड वर्ज्य नाही. ती एकदम भरमसाट न देता वाढवत न्यावी, इतकेच.

सरकीच्या ढेपेबद्दल बोलताना सालीसकट की बिनसालीची, हा प्रश्न पहिला. सालीसकट ढेपेत प्रथिने बावीस-चोवीस टक्के असतात, उरलेल्यात तंतूंचा वाटा मोठा असतो आणि कार्पच्या आतड्याला तंतू फोडता येत नाहीत. ते तंतू घास पुढे ढकलत नेतात, त्यामुळे सोबतच्या चांगल्या घटकांनाही पचायला वेळ कमी मिळतो. दुसरी अडचण सरकीतच असणाऱ्या गॉसिपॉल या द्रव्याची. मोकळे गॉसिपॉल विषारी असते; उष्णतेने ते लायसिनला जखडले जाते, तेव्हा विष कमी होते पण लायसिनही जाते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मोकळ्या गॉसिपॉलला बांधून ठेवते आणि त्यासाठी लोहाचे वजन मोकळ्या गॉसिपॉलच्या वजनाइतके धरतात. हिराकशीत लोह सुमारे एक पंचमांश असते, तेव्हा एक ग्रॅम गॉसिपॉलला पाच ग्रॅम हिराकस लागते. तपासणीचा अहवाल हाती नसताना अंदाजाने हिराकस टाकू नये. त्यापेक्षा ढेपेचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर थांबवावे आणि बीज काढण्यासाठी ठेवलेल्या नर-मादींना ती अजिबात देऊ नये.

शेंगदाणा पेंड पचायला सोपी असते. तिच्यात धोका आहे तो बुरशीचा. पावसाळ्यात दमट गोदामात ठेवलेल्या पेंडीवर अस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते थेट यकृतावर घाव घालते आणि पाचक पित्त यकृतातच तयार होत असल्याने पचनही बिघडते. 1960 च्या सुमारास अमेरिकेतील मत्स्यबीज केंद्रांत रेनबो ट्राउट माशांना यकृताच्या गाठींनी घेरले होते आणि त्याचे मूळ खाद्यातील बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत सापडले. बुरशीचा वास येणारी पेंड उन्हात वाळवून किंवा शिजवून चांगली होत नाही. ते विष उष्णतेला दाद देत नाही. ती टाकूनच द्यावी लागते.

मोहरीच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट असतात. त्यांच्यापासून थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे पदार्थ तयार होतात आणि तिखट चवीमुळे मासे खाणेही कमी करतात, तेव्हा ती थोडीच घालावी. भाताचा तेलयुक्त कोंडा गिरणीतून आला की त्यातील विकर तेलावर काम सुरू करते आणि काही दिवसांतच तो खवट होतो. ताजा मिळत असेल तर लगेच वापरावा, नाहीतर तेल काढलेला कोंडा घ्यावा. मक्याचा स्टार्च कच्चा असेल तर कार्पच्या आतड्यातून बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो आणि शिजवला तर पचतो.

इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस अलीकडे स्वस्त मिळतो. धान्यातील स्टार्च काढून घेतल्यावर उरलेला हा भाग असल्यामुळे त्यात प्रथिने वाढलेली असतात, पण मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर तेही सुमारे तिप्पट घट्ट होते, हे लक्षात ठेवावे. अझोला ओला असताना नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. सुकवल्यावर त्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिने भरतात. तो पूरक म्हणून चांगला, मात्र पेंडीची जागा घेईल अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये. गवत्याला तो ओलाच आवडतो.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचे सध्या कौतुक फार आहे आणि ते अगदीच अस्थानी नाही. युरोपीय संघाने 2017 मध्ये माशांच्या खाद्यात कीटकांची प्रथिने वापरण्यास परवानगी दिली. पण अळीच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि 6.25 ने गुणताना तोही प्रथिन म्हणून मोजला जातो. त्यामुळे अळीच्या भुकटीसाठी 4.76 च्या आसपासचा गुणक अधिक खरा मानतात. जाहिरातीत 50 टक्के प्रथिने लिहिली असतील तर या गुणकाने ती सुमारे 38 भरतात. शिवाय तेल न काढलेल्या अळीत चरबी इतकी असते की गोळी नीट बांधली जात नाही.

फॉस्फरसची अडचण

वनस्पतिजन्य घटकांतील फॉस्फरसपैकी साधारण दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात बंद असतो. माशांकडे तो उघडण्यासाठी फायटेज हे विकर नसते, त्यामुळे तो विष्ठेवाटे पाण्यात जातो आणि शेवाळ माजवतो. जाता जाता फायटेट जस्त आणि प्रथिनांनाही धरून ठेवते. बाजारात फायटेज मिळते, पण ते आम्लयुक्त वातावरणात अधिक काम करते आणि कार्पच्या पोटात तर आम्लच नाही. यावर उपाय म्हणून खाद्यात सायट्रिक आम्ल मिसळण्याचा विचार झाला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिलांवर फायटेज आणि सायट्रिक आम्ल एकत्र देऊन प्रयोग झाले आणि दोन्हींच्या जोडीने खनिजे अधिक वापरली गेल्याचे दिसले.

शेतावर याचा सोपा अवलंब असा: दळलेली पेंड आणि कोंडा आधी वाफवून घ्यावा, हाताला सोसेल इतका कोमट झाला की फायटेज आणि थोडे सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून त्यावर शिंपडावे आणि मिश्रण काही तास ओलसर ठेवून मगच गोळे किंवा शेवया काढाव्यात. गरम मिश्रणात फायटेज घातले तर ते मरते आणि पैसे वाया जातात.

तयारी आणि मिश्रण

सर्व घटक बारीक दळावेत. बोटुकलीसाठी तर पीठ मैद्याच्या जवळपास हवे, कारण घशातील दातांना जाडसर भरड नीट रगडता येत नाही. घरचे सोयाबीन रात्रभर भिजवून, पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळावे, वाळवावे आणि मगच दळावे. मका किंवा तांदळाची कणी शिजवून तिचाच चिकटा बांधणीला वापरला की दोन्ही कामे होतात.

प्रमाण काढण्यासाठी चौकटीची जुनी रीत पुरेशी आहे. समजा 28 टक्के प्रथिनांचे खाद्य हवे आहे, सोयापेंड 44 टक्क्यांची आणि तेल काढलेला कोंडा 15 टक्क्यांचा आहे. 28 मधून 15 वजा केल्यास 13 उरतात, तो पेंडीचा वाटा. 44 मधून 28 वजा केल्यास 16 उरतात, तो कोंड्याचा वाटा. एकूण 29 भागांत पेंड 13 भाग, म्हणजे सुमारे 45 टक्के, आणि कोंडा 55 टक्के. यात क्षारमिश्रण, थोडे तेल आणि शक्य असल्यास थोडी मासळीची कुटी बसवावी. पेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, ती उणीव कुटी भरून काढते आणि तिच्या वासाने मासे खाद्याकडे लवकर येतात. कुटी पूर्ण काढून टाकण्याचा हट्ट पहिल्या वर्षी तरी करू नये.

हाप्यातील चाचणी

नवे मिश्रण थेट सगळ्या तळ्यात टाकू नये. एकाच तळ्यात सारख्या आकाराचे सहा हापे (बारीक जाळीचे, पाण्यात बांधायचे कप्पे) बांधावेत, प्रत्येकात एकाच तुकडीची, सारख्या वजनाची बोटुकली मोजून सोडावीत आणि तीन हाप्यांना जुने, तीन हाप्यांना नवे खाद्य द्यावे. एकेकच हापा ठेवला तर एखादा फाटला किंवा कडेच्या हाप्याला वारा कमी लागला, की तो फरक खाद्याचा वाटतो. जुन्यावरून नव्यावर येताना आठ-दहा दिवसांत थोडे थोडे बदलावे. खाद्य सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, दोन वेळा, ऊन वर आल्यावर आणि दुपार उलटल्यावर, ताटलीत ठेवून द्यावे आणि दोन तासांनी ताटली वर काढून उरलेले पाहावे. ढगाळ दिवशी, पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील त्या दिवशी आणि कडाक्याच्या थंडीत खाद्य कमी करावे. प्राणवायू कमी असताना खाल्लेले अन्न नीट पचत नाही आणि तो दोष उगाच पेंडीच्या माथी बसतो.

आठ आठवड्यांनी दिलेल्या कोरड्या खाद्याचे वजन भागिले वाढलेले वजन, हा एफसीआर काढावा. तो वाढला तर खाद्य कुठेतरी वाया जाते आहे. कुठे, ते आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मासा उघडावा लागतो.

आतडे उघडून पाहणे

खाद्य दिल्यानंतर तीन-चार तासांनी प्रत्येक खाद्याचे दोन-तीन मासे काढावेत. पोटाची बाजू मलद्वारापासून कल्ल्यांकडे कात्रीने उघडली की रोहूचे आतडे सुतळीच्या गुंडाळीसारखे दिसते. ते हळूच सोडवून पांढऱ्या ताटलीत सरळ मांडावे आणि तीन ठिकाणी कापून आतला ऐवज वेगवेगळ्या वाट्यांत, थोड्या पाण्यात, बोटांनी पुढे सारत काढावा. पुढच्या भागात पिवळसर पित्ताने माखलेला लगदा दिसणे हे योग्य आहे. खरी गोष्ट शेवटच्या वाटीत असते. सरकीची ढेप दिलेल्या माशाच्या शेवटच्या वाटीत काळपट सालींचे तुकडे आणि त्यांना चिकटलेली बारीक लव जशीच्या तशी तरंगताना दिसते. कच्चा मका असेल तर पांढरट कण बोटांत खरखरतात आणि आयोडीनचा एक थेंब टाकला की ते जांभळट काळे होतात, म्हणजे तो स्टार्च पचलेलाच नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पेंड घेताना साल आहे का, असे दुकानदाराला आपणहून विचारतो.

आतड्याची भिंतही पाहावी. ती पातळ आणि गुलाबी असावी. लालभडक, जाड, आत फक्त पिवळा शेंबडासारखा द्रव आणि बाहेर पाण्यात पांढऱ्या दोऱ्यासारखी लटकणारी विष्ठा असेल, तर खाद्य बंद करून आधी रोगाची शंका दूर करावी. यकृत फिके किंवा गाठाळ दिसले तर पेंडीतील बुरशीचा संशय घ्यावा.

पचनाचा आकडा

मोठ्या प्रमाणावर खाद्य करायचे असेल तर एकदा पचनीयता मोजून घेणे फायद्याचे ठरते. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालयांशी यासाठी संपर्क करता येतो. रीत अशी की खाद्यात न पचणारा एखादा खुणेचा पदार्थ, बहुधा 0.5 टक्के क्रोमिक ऑक्साइड, मिसळतात आणि विष्ठेत तो किती घट्ट झाला हे पाहतात. समजा खाद्यात खूण 0.5 आणि विष्ठेत 1.5 टक्के, तसेच प्रथिने खाद्यात 30 आणि विष्ठेत 18 टक्के आढळली. खुणेचे गुणोत्तर एक तृतीयांश, प्रथिनांचे 0.6, दोहोंचा गुणाकार 0.2, म्हणजे 20 टक्के प्रथिने बाहेर गेली आणि 80 टक्के पचली. विष्ठा पाण्यात फार वेळ राहिली तर तिच्यातील प्रथिने विरघळून जातात आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून ती लगेच गोळा करावी लागते.

एकट्या घटकाची पचनीयता काढताना 70 भाग ओळखीचे खाद्य आणि 30 भाग नवा घटक असे मिश्रण देतात. समजा ओळखीच्या खाद्यातील प्रथिने 85 टक्के पचतात, ढेप मिसळल्यावर मिश्रणातील 80 टक्केच पचली, ओळखीच्या खाद्यात 30 आणि ढेपेत 22 टक्के प्रथिने आहेत. घट फक्त पाच टक्क्यांची दिसते, पण ती सारी मिश्रणातल्या लहान वाट्यामुळे आलेली असल्याने त्या पाचाला 21 (ओळखीच्या 70 भागांतील प्रथिने) भागिले 6.6 (ढेपेच्या 30 भागांतील प्रथिने), म्हणजे 3.18 ने गुणून 80 मधून वजा करावे लागते आणि ढेपेची पचनीयता 64 टक्क्यांवर येते.

आता बाजारभाव लावावा. समजा ढेप 32 रुपये किलो आहे. तिच्या किलोत 220 ग्रॅम प्रथिने, त्यांपैकी पचणारी सुमारे 141 ग्रॅम, म्हणजे पचणाऱ्या प्रथिनांचा किलो सुमारे 227 रुपयांना पडला. सोयापेंड 45 रुपयांची धरली आणि तिची पचनीयता 85 टक्के असली, तर पचणारी प्रथिने 374 ग्रॅम आणि किलोचा भाव सुमारे 120 रुपये. पोत्यामागे स्वस्त वाटलेली ढेप जवळजवळ दुप्पट महाग निघाली, आणि तिचा न पचलेला भाग तळाशी कुजून अमोनिया वाढवेल तो खर्च यात धरलेलाच नाही. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या पेंडीचे आणि आपल्या बाजाराचे आकडे घालून हिशोब पुन्हा करावा.

पेंडीचा प्रत्येक नवा माल वेगळा असतो, एकाच गिरणीचा असला तरी. म्हणून दर खेपेला मूठभर नमुना कोरड्या, झाकणाच्या बरणीत काढून त्यावर तारीख आणि भाव लिहून ठेवावा आणि त्या खेपेचे शेवटचे मासे विकले जाईपर्यंत तो टाकू नये. वाढ अचानक खुंटली तर तपासणीला पाठवायला तोच नमुना लागतो. तोवर पोते तर केव्हाच रिकामे झालेले असते.